पेटीला हार

तुम्ही हसाल, पण उंचावरून पडून सुरक्षा पट्ट्याला लटकलेल्या माणसाला उतरवायच्या सामानाची पेटी आमच्या पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात आली, तेव्हा दसऱ्याला आम्ही तिचीही पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं. उघडली मात्र कुणीच नाही.

मग एकदा सराव ठरला. मालक म्हात्रेशेठ म्हणाले, "मीच लटकतो." ते लटकले आणि आम्ही पेटी उघडली. दोर, हुक, कप्प्या! कशात काय अडकवायचं, कुणालाच ठाऊक नाही.

वरून शेठ ओरडले, "अरे, पाय बधिर झाले माझे! पेटीला हार घातलात, आता माझ्या फोटोला घालताय काय?"

शेवटी शिडी लावून उतरवलं.

यंदा दसऱ्याला मी हार घेऊन पेटीकडे निघालो, तर शेठ पट्टा बांधून उभे.

"थांब. आधी मला उतरवून दाखव."