कूमाचा सांडलेला पेंढा

नाही हो झिवादिन काका, बाटली उघडू नका – आधी बसा इथं अंगणात. तुमच्या मिलोयच्या बाळाचा कूम व्हायचं, बाप्तिस्म्याला त्याला हातात धरायचं, मोठा मान आहे, कळतं मला – पण या ओग्नेनच्या हातात? मागं तुम्ही मला कोंबडी धरायला दिली होती, ती अजून सापडायचीय. आता वर बघा. मान टाका मागं, टोपी पडली तर पडू दे. तो पांढुरका पट्टा दिसतोय, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत – त्याला आपल्यात काय म्हणतात? कूमाचा पेंढा. का? तर कूमानं कूमाचाच पेंढा चोरला आणि घरापर्यंत सांडत गेला. अख्ख्या आभाळात चोर एकच, आणि तो कोण – कूम. आणि तुम्ही राकियाची बाटली घेऊन नेमका तोच शोधायला निघालात. गंजीचा तरी विचार करा.

दिसत नाही? दिव्याकडं बघू नका, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. हां. आता ती मोठी गाडी – चार चाकं, पुढं तीन चांदण्यांचा वाकडा दांडा. मागच्या दोन चाकांतून सरळ रेघ ओढा, तो ध्रुव. नाही, ते विमान. हलतंय ना, मग विमान. जमेल हो, तुमच्या लेकीला, कोसाराला, चंद्रापलीकडं काही ओळखता येत नव्हतं, आता व्लाशिची, म्हणजे कृत्तिका, आपली आपण शोधते – तो चांदण्यांचा इवलासा झुबका, सात भाऊ म्हणतात, मला सहाच दिसतात, ती सातवा दाखवते, माझं बोट धरून –

कुठं? आत्ता नाही दिसायचा. ऑगस्टात उशिरा उगवतो, तुमच्या आलुबुखारच्या बागेमागून. उशिरा म्हणजे – तुम्ही घोरायला लागल्यावर. म्हणजे ऐकू येतं ना घोरणं. रस्त्यावरून. कुत्रा? कुत्रा नाही भुंकत, तो आमच्याजवळच झोपतो.

बरं. कळलंच आहे तर – एकदा मी कूम झालो की आपली दोन्ही घरं नात्यातली, मग सोयरीक कायमची बंद. कूमाला कोणी जावई करून घेतं का? नाही घेत. म्हणून तर ती पेंढ्याची गोष्ट, म्हणून ते कोंबडीचं निमित्त. मला तुमच्या घरात यायचंय, पण दुसऱ्या दारानं.

उठलात? म्हणजे कूम मी नाही, पक्कं ना? मग बाटली तेवढी ठेवून जा, पुढच्या बोलण्यांना लागेल. ठेवलीत – बरं झालं.

आता हातातलं ते दाताळंही खाली ठेवा, काका. ते आमचं आहे.