पत्रिकेवरचा गणपती

परळच्या स्टॉपवर गिरगावच्या बससाठी उभ्या असलेल्या जोगळेकरांच्या पुढेच दोघीजणी बोलत होत्या. आपल्या छापखान्याचं नाव ऐकून जोगळेकरांनी कान दिला.

"भावाच्या लग्नाच्या पत्रिका आल्या का गं, मंजुळा?"

"आल्या, मावशी. वर गणपती छापून."

"सांगितलं नव्हतं का?"

"बाबांनी दोनदा सांगितलं. आम्ही दीक्षा घेतलीय, वर बुद्धाचं चित्र घाला. मालक हसून हो म्हणाला."

संयुक्त महाराष्ट्राच्या पत्रकांच्या घाईत जोगळेकर कामगाराला एवढंच म्हणाले होते, "लग्नाची आहे, नेहमीचा ठसा लाव."

"बाबा काय म्हणाले?"

"ब्लेड घेऊन बसलेत. एकेक गणपती खरवडतायत, तर कागद फाटतोय."

"आपल्या पद्धतीचं चाळीतलं पहिलंच लग्न गं."

"तेच ना. लोक म्हणतील, यांनी धर्म बदलला तो नुसता दाखवायला."

"मग आता कुठं निघालीस?"

"छापखान्यात. मालकाला विचारते, आमचं सांगणं ऐकू आलं नव्हतं, की ऐकायचंच नव्हतं?"

तेवढ्यात बस आली. मंजुळानं मागे वळून विचारलं, "काका, ही गिरगावला जाते ना?"

"जाते."

"मग चढा की तुम्ही आधी."

"नको. मला दादरला जायचंय."

"अहो, मग इथं कशाला उभे राहिलात? दादरची गाडी पलीकडून मिळते."

बस दिसेनाशी झाली, तेव्हा जोगळेकर रस्ता ओलांडून दादरच्या रांगेत उभे होते.