घरात रेंज नाही

मोबाइल दुरुस्तीच्या रांगेत माझ्या पुढे कडक इस्त्रीतले एक काका होते. काउंटरवरच्या मुलीशी बोलताना त्यांचा आवाज असा, की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही रेंज मिळावी.

"मॅडम, ते वायफाय कॉलिंग तेवढं बंद करून द्या."

"का हो काका? घरात रेंज नसली तरी त्यानं फोन लागतो."

"तेच तर! आमच्या घरात कधीच रेंज नव्हती. किती सुखात होतो! मुलानं हे चालू करून दिलं आणि फोन सुरू झाले."

"कोणाचे?"

"बहिणीचे. आई तिच्याकडे असते. 'दादा, आता थोडे दिवस तू ने' म्हणते."

"मग न्या की."

"तुम्ही सेटिंगचं बघा."

"हे बटण सरकवलं की बंद. पण घरात तुम्हालाच कधी डॉक्टर लागला तर?"

"बायको गॅलरीत जाऊन लावेल फोन."

"झालं बंद. अरे, फोन आलाच बघा. स्पीकरवर टाकलाय, आवाज नीट येतो का सांगा."

"हॅलो? अगं, तुटतंय सगळं! घरात आहे ना मी, रेंजच नाही इथे!"

"घरात आहेस? मग दादा, दाराला बाहेरून कुलूप कोणी घातलं? आईला घेऊन तुझ्या दारात उभी आहे मी."

स्पीकरवर मागून एक थकलेला आवाज आला.

"ओरडू नकोस गं त्याला. खरंच रेंज नसते त्याच्या घरात. मी इतकी वर्षं लावत होते, एकदा तरी लागला का?"