टाकी एक, व्हॉल्व्ह चार

देवाचं नाव घ्या मंडळी, आणि जरा मोठ्यानं घ्या. पंगतीत भात मागताना जो आवाज लागतो ना, तोच लावा! ... हां! आता पोचलं गाभाऱ्यापर्यंत.

तर आज एक प्रश्न घेऊन आलोय. माणसाची विद्या अडते कशामुळं? गुरू मिळत नाही म्हणून अडते — की गुरू फार मिळतात म्हणून? घाई करू नका. हे पुढचे अण्णा लगेच मान डोलवायला लागले. अहो अण्णा, मी नुसतं विचारलंय, अजून सांगितलं काहीच नाही!

मंडळी, ऐका. डोंगराच्या कुशीत तांबटमाळ नावाचं गाव. तिथं ग्रामपंचायतीचं पाणी सोडायला एक बाई — द्वारकाक्का. वय सत्तेचाळीस, शिक्षण दहावी, पदर खोचलेला आणि खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी. गावात पाण्याची टाकी एक, गल्ल्या चार, व्हॉल्व्ह चार. आधी बाजारगल्ली, मग मधली आळी, मग वरची आळी, शेवटी शाळेची गल्ली. पाळी ठरलेली. पण वीज कधी येईल, पंप कधी चालेल, टाकी कधी भरेल, ह्याचा पत्ता नाही. मग नळाला पाणी कधी येणार? ते फक्त भैरोबाला ठाऊक!

वरच्या आळीला सिंधू नावाची एक लेकुरवाळी राहायची. घरात सासरे अंथरुणाला खिळलेले, नवरा कामाला बाहेरगावी, दुसरं बाईमाणूस नाही. नळ चुकला की दिवसभर घरात पाणी नाही, आणि पाणी भरून होईतो बहुतेक दिवस मावळलेला. तिचं माहेर कुठं? ओढ्यापलीकडं. चालत पंधरा मिनिटं! आणि आठ महिने ती माहेरी गेली नव्हती. आईला गुडघ्यांमुळं ओढा ओलांडता येत नव्हता, आणि हिला नळ सोडता येत नव्हता. इथून माहेरचं छप्पर दिसायचं हो! ज्यांचं माहेर जवळ आहे त्या बायकांना विचारा, ह्यात काय दुःख आहे ते.

द्वारकाक्काला हे बघवेना. ग्रामसभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "टाकी भरली की कुठल्या आळीला किती वाजता पाणी येईल, हे काढणारा प्रोग्रॅम मी शिकून लिहीन. दसऱ्याला सिंधू सोनं द्यायला माहेरी जाईल, आणि जाताना तिला पाण्याची वेळ ठाऊक असेल."

सभा हसली. सरपंच बरे होते, ते म्हणाले दुपारी ऑफिसचा कॉम्प्युटर मोकळाच असतो, बसत जा. पण हसले तेही.

आता तुम्ही विचाराल, बुवा, प्रोग्रॅम म्हणजे काय? यंत्राला दिलेल्या सूचना! आधी हे कर, मग ते कर. सुनेला देता तशाच. फरक एवढाच, की यंत्र उलटून बोलत नाही, आणि न सांगितलेलं एक कामही करत नाही. (ह्या बाजूच्या सासवा हसल्या. त्या बाजूच्या सुना बघा, जास्त हसल्या.)

दसऱ्याला चार महिने होते. अक्का गुरू शोधायला निघाली. पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, मावशी, अमुक भाषा शिक, बाकी सगळ्या जुन्या झाल्या. तालुक्याचा क्लासवाला म्हणाला, ती भाषा नको, ही घे, वर सर्टिफिकेट देतो. मोबाइलवर शोधलं तर काय विचारता! एक म्हणतो दहा दिवसांत प्रोग्रॅमर व्हा. दुसरा म्हणतो दहा कसले, एका दुपारीत! मला सांगा, एका दुपारीत धड पुरणपोळी तरी होते का? पण अक्का भोळी. जे दिसेल ते जपून ठेवलं. एकतीस व्हिडिओ, दोन पुस्तकं, तीन अभ्यासक्रम. दर वेळी नवा गुरू, दर वेळी पहिला धडा.

आणि पहिला धडा सगळीकडे एकच असतो बरं का! यंत्राकडून पडद्यावर लिहून घ्यायचं — 'नमस्कार, जगा'. अक्कानं दोन महिन्यांत अकरा वेळा जगाला नमस्कार केला. जगानं एकदाही विचारलं नाही, बाई, पुढं काय?

तिच्या मनात यायचं, आपलं डोकंच चालत नाही. वय झालं. सिंधू वाटेत भेटली की अक्का दुसऱ्या गल्लीनं जायची. दिलेला शब्द असा टोचतो, मंडळी.

मग आला श्रावणातला भैरोबाचा भंडारा. घराघरांत पाहुणे, चारी गल्ल्यांना एकदम पाणी हवं. बाजारगल्लीवाले म्हणतात आम्हाला आधी, शाळेच्या गल्लीचे म्हणतात आमच्याकडं जावई आलेत. अक्काला कुणालाच नाही म्हणवेना. तिनं काय केलं? चारही व्हॉल्व्ह एकदम उघडले! घ्या सगळे!

कुणाला काय मिळालं? बाजारगल्लीत करंगळीएवढी धार. मधल्या आळीत ठिबक. वरच्या आळीत नुसती हवा! सिंधूचा हंडा उपडा तो उपडाच.

तेवढ्यात काठी टेकत गणूतात्या आले. हे अक्काच्या आधी तीस वर्षं गावाला पाणी सोडायचे. ह्यांनीच तिला काम शिकवलेलं. त्यांनी विचारलं, किती उघडलेत? अक्का म्हणाली, चारी. तात्या रागावले नाहीत. म्हणाले, "टाकी एकच आहे, पोरी. तीन बंद कर."

अक्कानं तीन बंद केले, फक्त वरची आळी ठेवली. पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं काही नाही. मग नळ खोकला, फुरफुरला, आणि आलं की पाणी! हंड्यात कसं वाजलं ते! आमचे मृदंगवाले इथं बसलेत, ते काढून दाखवतील... वा! अगदी असंच!

आणि अक्का तिथंच, व्हॉल्व्हच्या चौथऱ्यावर बसून हसायला लागली. एकटीच! तात्यांना वाटलं बाईला ऊन लागलं. तिनं पदराला हात पुसले, मोबाइल काढला आणि एकतीसच्या एकतीस गुरू तात्यांपुढं धरले. म्हणाली, तात्या, ह्यातला एकच उघडा ठेवायचाय, कुठला ठेवू?

आता तात्यांना कॉम्प्युटरमधलं काय कळणार? पण माणूस कळत होता. त्यांनी सांगितलं, मी तुला पाइपलाइन नुसती दाखवली होती का? तुझ्या हातात चावी दिली होती. जो तुझ्या हातात चावी देईल, त्याला ठेव.

अक्का घरी जाऊन एकेक बघत बसली. चकचकीत गुरू पुष्कळ. भराभर बोलतात, कधी चुकत नाहीत, आणि शेवटी म्हणतात माझे आणखी व्हिडिओ बघा. सगळ्यात तळाशी एक म्हातारे मास्तर सापडले. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं. मराठीत शिकवतात, फुकट शिकवतात, आणि मंडळी — चुकतात! शिकवता शिकवता चुकतात, थांबतात, म्हणतात, हे असं का झालं बरं? मग आपल्यासमोर चूक शोधतात. धडा संपला की म्हणतात, "आता मला बंद करा. पाहिलंत ते न बघता करा. अडलात तर उद्या परत या."

अक्काचे डोळे भरून आले. सगळे म्हणत होते मला बघा, हा एकटा म्हणत होता मला बंद करा! तिनं बाकीचे तीस पुसून टाकले. रोज दुपारी एक धडा बघायचा, बंद करायचा, करायचा. अडलं की आपल्याच नळांची उदाहरणं घ्यायची. दोन आठवडे रडत, नंतर हसत.

उजाडला दसरा! दहाच्या ठोक्याला टाकी भरली. अक्कानं प्रोग्रॅमला वेळ सांगितली. बाजारगल्लीचं पाणी चाळीस मिनिटं, मधल्या आळीचं पस्तीस, मग वरची आळी. उत्तर आलं, तिनं उत्साहात तसंच्या तसं गावाच्या ग्रुपवर टाकलं — वरच्या आळीला पाणी दहा वाजून पंच्याहत्तर मिनिटांनी!

गाव लोळलं हसून. एकजण म्हणाला, आमच्या घड्याळात एवढी मिनिटंच नाहीत! आणि ऑफिसच्या दारात सिंधू उभी, नवं लुगडं नेसलेली, हातात आपट्याची पानं.

दोन महिन्यांपूर्वीची अक्का काय करती? बत्तिसावा गुरू शोधायला धावली असती! ही अक्का पाण्याची गळती शोधावी तशी टाकीपासून निघाली. एकेक ओळ तपासत गेली. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. चौथीशी थांबली. मिनिटं साठाच्या वर गेली की तास पुढं सरकवायचा, हे यंत्राला सांगितलंच नव्हतं! सांगितल्याशिवाय ते कसं करणार? तिनं एक ओळ घातली. उत्तर आलं — सव्वाअकरा.

सिंधू एवढंच म्हणाली, "द्वारकाक्का, जाऊ ना मी?"

"जा," अक्का म्हणाली, "आणि आईजवळ नीट बसून ये. घाईनं उठू नकोस."

गेली! ओढा ओलांडून गेली. आईला सोनं दिलं, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, तिच्या हातची खीर खाल्ली. अकरा वाजून दहा मिनिटांनी परत येऊन नळाखाली हंडा लावला. सव्वाअकरा. काही नाही. व्हॉल्व्ह उघडून नळाशी येऊन उभ्या राहिलेल्या अक्काचा जीव टांगणीला! सोळा. सतरा — फुर्र, आणि धो धो पाणी! सिंधूनं भिजल्या हातानं एक आपट्याचं पान अक्काच्या तळहातावर ठेवलं. म्हणाली, "दोन मिनिटं उशीर झाला अक्का. हे आईनं तुमच्यासाठी दिलंय."

अक्का त्या दिवशी पोटभर रडली. आनंदानं, बरं का!

मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. प्रश्नाचं उत्तर मिळालं ना? मग सांगा, तुमच्या मोबाइलमध्ये किती कीर्तनं जपून ठेवलीत? अण्णा, लपवू नका तो मोबाइल! आणि माझ्याही घरी पेटी शिकायची तीन पुस्तकं आहेत. पेटीवर धूळ आहे. म्हणजे मीही तुमच्यातलाच! आठवड्याला सात बुवा ऐकता. त्यातलं एक वाक्य तरी घरी नेऊन करून बघितलंत का? एक धरा. छोटं धरा. चुका, आणि कुठं चुकलं ते शोधा.

त्या मास्तरांपेक्षा मी मोठा नाही. ते म्हणायचे तेच म्हणतो, आणि ह्या चिपळ्या खाली ठेवतो. उठा, घरी जा — आता मला बंद करा!