दक्षिणेला निघालेली दाढ

ताई : आ कर. अजून मोठा. अरे, दाढ बघायचीय मला, ओठ नाही.

भाऊ : आऽऽ.

ताई : हां. आता सांग, तुझ्या त्या दक्षिणेत, जगाच्या पार टोकाला, जवळचा दवाखाना कुठे?

भाऊ : ओऽऽ इअऽऽ...

मदतनीस : दोन दिवसांवर म्हणतायत, मॅडम. घोड्यावरून.

ताई : तुला बरं कळलं!

मदतनीस : गेल्या खेपेला हेच सांगत होते काका. तेव्हा तोंड मोकळं होतं.

ताई : चूळ भर, आणि नीट बोल.

भाऊ : रस्ता संपतो ना ताई, तिथून आपली सफर सुरू. बर्फाच्या नदीच्या कडेकडेनं चालायचं. वारा असा की तंबूला दगड बांधावे लागतात. माणूस म्हणून एखादा मेंढपाळ, तोही दिसला तर दिसला.

ताई : आणि खायचं काय?

भाऊ : कडक बिस्किटं. म्हणून तर वाटाड्यानं बजावलंय, दात दाखवून या. तिकडे दाढ दुखली तर त्याच्याकडे एकच इलाज आहे.

मदतनीस : कोणता?

भाऊ : पक्कड.

मदतनीस : अगं बाई!

ताई : घड्याळाच्या दुकानाला कुलूप लावलं की चारदा ओढून बघतोस तू. त्या तंबूला कुलूप असतं का?

भाऊ : चेन असते. चेनला कुलूप लावता येतं. घेतलंय मी.

मदतनीस : एकच?

भाऊ : दोन.

ताई : बघ! आणि हा निघालाय रानावनात. कशासाठी, तर यांच्या एका वाक्यासाठी.

भाऊ : एक वाक्य? सगळ्या पाहुण्यांसमोर भावजी म्हणाले, 'हा दक्षिणेला जाणार? हा जिना उतरून खाली पोचला तरी पोचल्याचा फोन करतो.' सगळे खो खो हसले. तूसुद्धा!

ताई : खरं होतं म्हणून हसले. तर तू ताडकन उठलास आणि शपथ घेतलीस, दक्षिणेला जाऊन आल्याशिवाय या घरात पाऊल ठेवणार नाही.

भाऊ : ठेवलंय का?

ताई : दवाखान्यात ठेवतोस की.

भाऊ : दवाखाना म्हणजे घर नव्हे.

मदतनीस : मध्ये एकच भिंत आहे, काका. तुमचे भावजी शिंकले की इथे पेशंट दचकतो.

भाऊ : भिंत ती भिंत. ते जाऊ दे. ताई, दोन वर्षं तू हीच दाढ भरतेयस आणि दर वेळी भरलेलं निघतंय. तिकडे निघालं तर पक्कड आहे. या वेळी चांगलं पक्कं भर.

मदतनीस : मॅडम? कुठलं मिसळू?

भाऊ : कुठलं म्हणजे? दोन प्रकार असतात?

ताई : असतात. तुझ्या दाढेत मी आजवर कच्चं घालत आले. तात्पुरतं.

भाऊ : दोन वर्षं? सख्ख्या भावाच्या दाढेत?

ताई : पक्कं घातलं असतं तर तू परत आला असतास? घरी येणार नाहीस. फोनवर 'हं, बरं, ठेवतो.' बाबा गेले, आता माहेर म्हणून तू एवढाच उरलायस मला. माझं सगळं माहेर त्या एका दाढेवर येऊन टेकलं होतं रे.

भाऊ : तरीपण... हा विश्वासघात आहे. डॉक्टरी विश्वासघात!

ताई : थांब हं जरा. कच्चं झालं तरी दोनेक महिने टिकतं. तुझं पंधरा दिवसांत निघायचं. असं काय चावत होतास?

भाऊ : काही नाही.

मदतनीस : काका, कान लाल झालेत तुमचे.

भाऊ : चिमटा.

ताई : कसला चिमटा?

भाऊ : घड्याळं दुरुस्त करायचा. बारीक टोकाचा. आरशासमोर बसायचं, डोळ्याला भिंग लावायचं, आणि... दोन महिने वाट कोण बघणार, ताई?

ताई : अरे गाढवा!

मदतनीस : मी जरा बाहेर जाऊन हसून येऊ का?

ताई : इथेच हस. दिवा धर नीट. आणि तू, नकोच जाऊस. मी यांना शब्द मागे घ्यायला सांगते. दर रविवारी विचारतात, 'आला का तुझा भाऊ दाढ घेऊन?' त्यांनाही करमत नाही.

भाऊ : नको. आता भावजींसाठी नाही, माझ्यासाठी जायचंय. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण आयुष्यभर लोकांची बंद घड्याळं चालू केली आणि स्वतः त्याच स्टुलावर बसून राहिलो. एकदा जाऊन येऊ दे मला.

ताई : बरं. पक्कं मिसळ गं. तू आ कर.

(बराच वेळ फक्त यंत्राचा आवाज.)

ताई : झालं. आता दगड चावलास तरी हलायचं नाही.

भाऊ : आणि चिमट्यानं?

ताई : दाढ येईल हातात, हे नाही येणार.

भाऊ : म्हणजे परत आल्यावर इथे यायला काही निमित्तच उरलं नाही.

ताई : इथे यायचंच नाहीये. सामान घेऊन सरळ घरी यायचं.