देव सध्या कुठं हाय

थांबा मॅडम, ते मोबाईलमधलं मागनं दावा. आधी मला खरं सांगा — मल्लेशनं पढवून धाडलंय का तुमास्नी? न्हाय कसं? तुमच्या पिशवीतनं डोकावतीया ती भंडाऱ्याची पुडी कुनाच्या दुकानची हाय? तसली दुहेरी गाठ नळदुर्गात त्यो एकटाच बांधतो. आधी तिकडं जाऊन आलात — जावा की, माझी काय हरकत! धाकला भाव हाय माझा. पर मग तुमच्या वेबसाईटला ह्ये दोन पासवर्ड कशापायी? एक माझ्याकडं, एक त्येच्याकडं — दोघांनीबी घरबसल्या, पायजे तवा, पायजे ते बदलायचं. ह्येलाच सीएमएस म्हनलात ना? म्हंजे दर बारीला तुमास्नी बोलवायला नको, किल्ली आमच्याच हातात. कळलं मला. दुकानदार मानूस हाय मी. एका कुलपाला दोन किल्ल्या झाल्या की काय हुतं, त्येबी कळतं.

त्या खोबऱ्याच्या पोत्यावर नका, खुर्चीवर बसा. च्या येतोय. — आमचं हाय कसं, खंडोबा एक आन् गावं दोन. देव वर्सातला लई काळ हितं अणदुरात, आन् थंडीत पालखीत बसून नळदुर्गाला जातो, पौषातली जत्रा करून परत. भाईरच्या मानसाला काय ठाव? गेल्या साली तेलंगणातनं टेंपो भरून लोकं उतरली माझ्या दुकानापुढं — म्हातारी-कोतारी, ल्हानी लेकरं — आन् देव तिकडं! त्या म्हाताऱ्यास्नी परत टेंपोत चढवता चढवता मीच रडकुंडीला आलो. त्यावरनं पोरांच्या डोक्यात शिरलं — माझा उत्कर्ष आन् मल्लेशची अर्पिता, दोघंबी पुण्याला — की दोन्ही दुकानांची मिळून एक वेबसाईट करायची, आन् वरच मोठ्या अक्षरात लिवायचं, देव सध्या कुठं हाय. बेस हाय की! माझी ना न्हाय. पर बदलनार कोन?

उद्या मल्लेशनं देव हलायच्या आधीच ‘नळदुर्ग’ करून टाकलं तर? समदं गिऱ्हाईक तिकडं, मी हितं माश्या मारत. — कोनी कवा बदललं ते दिसतं? म्हंजे मी रोज उठून सख्ख्या भावावर पाळत ठिवायची? वा! आन् मगाशी तुमीच म्हनलात, ते सारखं अपडेट करावं लागतं, न्हाय केलं की चोर शिरत्यात. ज्या घराच्या फटी सारख्या लिंपत बसायच्या, ते घर बांधायचंच कशाला? बदलायचं वर्सातनं दोन येळा, आन् त्यापायी एवढा कारखाना! — काय? तारीख घालून ठिवली की आपुआप बदलतं? देव काय यष्टी हाय का टायमावर सुटायला? दोन्ही गावचे मानकरी बसत्यात, देव कवा न्ह्यायचा, कवा आनायचा ह्येची बोली हुती, कराराचा कागूद हुतो, मग पालखी उठती. तवर तुमचं मशीन देवाच्या आधी नळदुर्गात जाऊन बसायचं.

कशाकडं बगताय? त्यो पत्र्याचा बोर्ड व्हय. ‘देव सध्या इथे आहेत.’ आमच्या वडलांनी, आण्णासायबांनी, सोताच्या हातानं रंगवलाय. त्यांच्या टायमाला दुकान एकच — देव निघाला की दुकानबी टेंपोत घालून मागनं. मग आमची वाटनी झाली. कशी झाली ते सोडा, घरोघर हुतं. तराजू वाटला, पराती वाटल्या, बोलनं बंद झालं. ऱ्हायला बोर्ड. आई म्हनली, जिथं देव तिथं बोर्ड. तवापास्नं त्येच चाललंय — पालखी निघायची आसली की मल्लेश मोटारसायकलवर येतो, बोर्ड काढून न्हेतो, जत्रा झाली की आनून लावतो.

बोलतो? छ्या! एक शबूद न्हाय. तुमी बसलाय त्याच खुर्चीत बसतो. जगदेवी, आमची मंडळी, च्या आनती. त्यो तिला इचारतो, वैनी, दादाचा गुडगा कसा हाय? — आन् मी हितं बाजूला बसलेला! मी तिला म्हनतो, सांग त्येला, जिना चढवत न्हाय, बाकी बरा हाय. आन् इचार, अर्पिताला मेसचं जेवान मानवतंय का. आसं तिच्या तोंडानं दुपार सरती. बिचारीची मान दुखती हिकडं-तिकडं बगून. मग त्यो स्टुलावर चढतो, मी स्टूल धरतो. एवढंच. दुसरं काय न्हाय. आन् तुमी म्हंता घरबसल्या —

न्हाय न्हाय, त्येचा काय संबंध! मला भरवसा न्हाय त्येच्यावर, एवढंच मनात धरा. — बोर्ड ऱ्हाईल की म्हंता? कशाला ऱ्हाईल? मोबाईलवर दिसल्यावर पत्र्याला कोन इचारतंय? त्यो एक साल येईल, दुसऱ्या साली म्हनंल, आता कशाला उनाताना जायचं, पोरगी बदलती की पुण्यातनं. झालं. — बरं, आसं बनतंय का, दोघांनी शेजारी बसून अंगठा लावल्याबिगर ते पान बदलायचंच न्हाय? हसताय काय? एवढं शिकलात आन् एवढं जमंना व्हय?

आता खरं बोला. मल्लेशनं काय सांगितलं? किल्ली घेतली आसंल लगीच, मला ठाव हाय त्यो — न्हाय? नको म्हनला? त्योबी? का पर?

काय म्हनला? परत सांगा.

‘मंग बोर्डाच्या नावानं मी अणदूरला जाऊ कसा?’

…

च्या निवला तुमचा. ऱ्हाऊ द्या त्यो. मॅडम, साधंच पान करा. किल्लीबिल्ली कुनालाच नको. बदलायचं आसलं की आमी दोघं येतो तुमच्याकडं सोलापूरला. दोघंबी. ह्या गुडग्यानं मला यष्टीत चढवत न्हाय, त्येच्याच मोटारसायकलवर बसून यावं लागंल — त्येला म्हनावं, मी म्हनलोय आसं. न्हाय… तुमी नका सांगू. मीच बगतो.

आता बसलात काय? निघा. गिऱ्हाईक आलंय. — आलंय म्हनलं ना!