भासऱ्यायचा कॅमेरा मी खाली ठेवला

माहेर माहं हिंगणीचं, जंगलाच्या काठचं. तिथं फोटो म्हंजे शाळेत वर्षातून एकदा, त्याहीत मी डोये मिटलेली. लग्न होऊन हिंगणघाटले आली तं सासरी फोटोचंच दुकान. माहे मालक अन् त्यायचे मोठे भाऊ, म्हंजे माहे भासरे, दोघं मिळून चालवत. नव्वद-एक्याण्णवचा काळ असंन तो. दोन-तीन वर्सांत मालक काविळीनं गेले, अन् भासरे म्हनले, बसून खाऊ घालनारा आता गेला, कॅमेरा उचल. तो शब्द मी विसरली नाई. उचलला.

अन् कॅमेरा काय सांगू तुम्हाले, धोंडा होता नुसता. वरून फ्लॅश, खांद्याले बॅटरीची पेटी, पोटाशी रोलची थैली, अन् त्यातच पदर सांभायाचा. दहा-बारा वर्सं मी ते वझं घेऊन लग्नं केली, भासरे बुकिंग घेत अन् खुर्चीत बसून राहत. उजवा हात लाकूड होऊन जाये, मानेतून कळ निंगे. डॉक्टर म्हने वझं सोडा. भासरे म्हनले, डॉक्टरले काय जाते म्हनाले, लोकं कॅमेरा पाहून येतात, तुले पाहून नाई येत.

मंग नागपूरले एक बुढे फोटोवाले सामान विकून राह्यले होते, त्यायच्याकडून मी हा बारका कॅमेरा घेतला, हातातल्या पाटल्या मोडून. त्यायच्या पोरानं फॉरेनहून पाठवलेला, डिजिटल, रोल नाई, काई नाई, पदराखाली लपंन एवढा. बारीक खिडकीतून पाहाचं, मधात एकाच मानसाच्या दोन सावल्या दिसतात, रिंग फिरवून त्या एकावर एक बसवल्या का फोटो साफ. भासऱ्यायनं उलटापालटा करून पाह्यला, म्हनले, हे लेकराचं खेळनं हाय, माह्या दुकानाचं नाक कापू नको. मी म्हनलं, भाऊजी, अर्धं दुकान माह्या मालकाचं होतं. त्या दिवसापासून बोलनं बंद.

पन बोलनं बंद केलं, तोंड कुठं बंद ठेवलं त्यायनं. पिपरी मेघे गावाले एका दुकानदाराच्या पोरीचं लग्न माह्याकडं होतं. मांडवात गेली तं नवरीचा मामा म्हने, बाई, मोठा कॅमेरा कुठी हाय, का सहलीले आल्या? मांगं पाह्यलं तं भासरे, गयात तोच धोंडा घालून उभे. मामाचे कान यायनंच भरले होते. मले वऱ्हाडासमोर बाजूले केलं. मी रडली नाई. नवरी म्हने, ताई, तुम्ही जाऊ नका, तं तिच्या खोलीत थांबली. लग्न लागल्यावर तिची माय तिच्या केसातले तांदूळ काढून राह्यली होती, ते मी फ्लॅश न पाडता टिपलं, दोघीयले पत्ताही लागला नाई. तो फोटो पाहून मले चार लग्नं भेटली.

मंग तं भासरे अजून पेटले. गावभर सांगत फिरले का विधवा बाई मांडवात फिरते, अपशकुन हाय. ज्यानं मले कॅमेरा उचल म्हनलं, तोच मानूस!

पुढं त्यायच्याच पोरीचं लग्न निंगालं. पोरगी म्हने, काकू नाई तं फोटोच नाई. भासरे आले दारात, भिंतीकडं पाहून म्हनले, पोरगी म्हनते या. मी म्हनलं, अपशकुन चालंन काय? पाठ फिरवून गेले. मी पोरीसाठी गेली. बाप-लेकीच्या फोटोले त्यायनं तोंड फिरवलं. मी कॅमेरा डोयाले लावून तशीच उभी राह्यली, पाहुने खोळंबले तरी हलली नाई. शेवटी पोरगी म्हने, बाबा, इकडं पाहा. पाह्यलं. काढला. अन् न जेवता घरी आली.

आता माहं दुकान येगळं हाय, बसस्टँडपाशी, बरं चालून राह्यलं. भासऱ्यायची पोरगी अमरावतीले नांदून राह्यली, सुखी राहो. तिच्या बापालेही देव बरं ठेवो, शंभर वर्सं जगो बुढा. फक्त माह्या दारात येऊ नको म्हना.